सयाजी फडतऱ्यांचा उजवा पाय

हवालदार सयाजी फडतरे सुट्टीवर आला की त्याच्या आईला, अंबूबाईला, दोन दिवस बरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढूनच ओरडायची, "परत कवा जायाचास रं?"

त्यात तिची चूक नव्हती. गडी एका जागी ठरत नसे. आल्या दिवशी घराची कौलं चाळून व्हायची. दुसऱ्या दिवशी गोठ्याची मेढ बदलून व्हायची. तिसऱ्या दिवशी करायला काही उरलं नाही की तो कुरणवाडीच्या दक्षिणेला दिसणाऱ्या डोंगरावर जाऊन यायचा. तिथं देव नव्हता, चारा नव्हता, सरपणही नव्हतं.

"काय आणलंस वरनं?" पारावरची माणसं विचारायची.

"काय न्हाई."

"मग गेलतास कशाला?"

 तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचा.

कुरणवाडी फलटणपासून आठ मैलांवर. पाटाच्या पाण्यावर ऊस, आणि घरटी एक माणूस पलटणीत. सयाजीचा बाप नाथाजी मोठ्या लढाईत इटलीपर्यंत जाऊन आला होता. तिथल्या डोंगरांविषयी त्याचं मरेपर्यंत एकच म्हणणं होतं : "लय चढ हाय."

सयाजीला दोराची सवय मात्र डोंगरानं लावली नाही. ती विहिरीनं लावली. विहिरींवर इंजिनं आली. पाइपाच्या तळाशी झडप असते, तिला गावात फुटबॉल म्हणत. तो गाळात रुतला की कुणीतरी दोरावर खाली उतरायचं. पंधराव्या वर्षापासून ते काम सयाजीचं. साठ-सत्तर फूट खोल, ओला दगड, वरून आभाळ ताटाएवढं. खाली बघून उपयोग नसायचा. पायाचा अंगठा दगडाच्या सांध्यात रोवायचा, तो काय सांगतो ते ऐकायचं, मग भार टाकायचा. पुढे पलटणीत नव्या पोरांना तो हेच शिकवत असे. डोळे खोटं बोलतील, अंगठा बोलणार नाही.

बासष्टच्या साली तो साताऱ्याला भरती झाला. चार वर्षांनी बर्फातल्या एका ठाण्यावर त्याच्या तुकडीतला एक जवान बर्फाच्या भेगेत पडला. खाली अंधार. कुणी पुढे होईना. सयाजीनं कमरेला दोर बांधला आणि उतरला. त्याला ते विहिरीसारखंच वाटलं, फक्त तळ दिसत नव्हता. वर दोर धरला होता सांगलीच्या एका कोवळ्या लेफ्टनंटनं. त्याचं नाव अनंत लिमये. जवान जिवंत वर आला. लिमयांनी सयाजीला विचारलं, "कुठं शिकलास हे?"

"विहिरीत, साहेब."

तेव्हापासून दोघं एका दोराला. लिमयांनी त्याला उत्तरकाशीला गिर्यारोहण शिकायला धाडलं. पुढच्या आठ वर्षांत दोघं पाच शिखरांवर उभे राहिले. वर गेलं की सयाजी निराळाच माणूस व्हायचा. एक पाऊल, चार श्वास. पुन्हा एक पाऊल. घरात ज्याचा पाय ठरत नव्हता त्याचा पाय वीस हजार फुटांवर गायीसारखा गरीब व्हायचा. त्याला स्वतःलाही याचं नवल वाटे. तेवढ्यासाठीच तो जात असावा.

चौऱ्याहत्तरच्या ऑक्टोबरात ते सहाव्या शिखरावर गेले. नकाशावर त्याला नाव नव्हतं, नुसता उंचीचा आकडा होता. जवान त्याला 'थोरला' म्हणत. माथा सहाशे फूट उरला आणि वारं सुटलं. दोन दिवस दोघं एका तंबूत अडकले. तिसऱ्या दिवशी, वर न जाता, खाली आले. सयाजीचा उजवा बूट कापून काढावा लागला. इस्पितळात पायाची दोन धाकटी बोटं गेली. अंगठ्यासकट बाकीची तीन वाचली.

वाचली म्हणजे जागेवर राहिली. त्यांच्यात परत काही आलं नाही. चवड्यापासून पुढचा पाय त्याचा नव्हताच. डॉक्टरांना मात्र त्यानं सगळं ठीक आहे असं सांगितलं आणि ते खपून गेलं. दोन बोटं नसलेला माणूस चढू शकतो. मुका पाय घेऊन चढणाऱ्याला कुणी दोरावर घेत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

जानेवारीत तो सुट्टीवर आला तेव्हा मागोमाग लिमयांचं पत्र आलं. मे महिन्यात पुन्हा थोरला. पहिल्या दोरावर मी आणि तू. पंधरा मार्चला हजर हो.

सयाजीनं पत्र चार वेळा वाचलं आणि डोंगरावर जाऊन आला. त्या खेपेला घरातही तो बूट-मोजे घालूनच वावरत होता. बायको बनुबाई एकदोनदा म्हणाली, "गोठ्यात तरी काडा." पारावरच्यांनी त्याचं नाव 'साहेब' पाडलं. 

संक्रांत झाली आणि फडतऱ्यांचं गुऱ्हाळ लागलं. गुऱ्हाळाचा एक रिवाज असतो. गूळ म्हणजे लक्ष्मी. रस आटवायच्या काहिलीच्या आसपास पायताण चालत नाही, आणि पहिला जाळ घरातल्या कर्त्या माणसानं अनवाणी घालायचा. बूट काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सयाजीनं ते काढले. तीन बोटांचा पाय सगळ्यांनी पाहिला. बाया हळहळल्या. नारळ फुटला. सयाजी खड्ड्यात उतरला, चुलवाणाच्या तोंडाशी बसला आणि त्यानं उसाची पहिली वाळकी चिपाडं आत सारली.

खरं तर एवढ्यावर रिवाज संपला होता. पुढचा जाळ घालायला बनुबाईचा भाऊ गुंडा होता. पण सयाजीला बसून बघणं जमेना. "सर रं, मी घालतो," म्हणून तो तिथंच राहिला. सकाळची थंडी होती. पाय पुढे पसरून तो चिपाडं सारत होता.

वर काहिलीपाशी बिराप्पा गुळव्या उभा होता. आटपाडीकडचा म्हातारा धनगर. रस कधी उकळला, पाक कधी झाला, हे तो डोळ्यांनी कमी आणि नाकानं जास्त ओळखायचा.

"गुंडा, जाळात काय टाकलंस रं?" तो ओरडला. "कातडं जळतंय."

"चिपाडं हायत मामा. दुसरं काय असणार?"

"चिपाडाचा वास मला शिकवतंस व्हय? कुणाची तरी चप्पल पडलीया."

"समद्यांच्या चपला भाईर हायत. तुमचं नाक म्हातारं झालंया."

"माझं नाक तुझ्या बा-परास बरं हाय. खाली बघ."

गुंडानं खाली बघितलं आणि त्याचा आवाजच बदलला. "दाजी! आवं दाजी, पाय!"

सयाजीनं आपल्या पायाकडं पाहिलं. चुलवाणातून ढासळलेला एक निखारा अंगठ्याखाली रुतून बसला होता. कातडीचा धूर निघत होता. त्यानं तो आधी पाहिला, मग पाय ओढला. मग जरा वेळानं त्याला सुचलं आणि तो ओरडला, "आई गं!"

भाकरीची दुरडी घेऊन बनुबाई काठावर उभी होती. तिनं हे सगळं ओळीनं पाहिलं.

घरी आल्यावर तिनं पायाला खोबरेल आणि कोरफड लावली.  मग म्हणाली, "वरडायला उशीर केलासा."

"धांदलीत सुचलं न्हाई."

"कवापास्नं हाय हे?"

"काय कवापास्नं?"

"पाय मेलाय त्यो."

"मेला न्हाई. झोपलाय."

"झोपलेलं माणूस निखारा ठेवल्यावर उठतंय." तिनं चिंधी बांधली. गाठ घट्ट मारली आणि त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्याचं तोंड जसंच्या तसं होतं. "मला तुमचं डोंगूर कळत न्हाईत. येवढंच सांगा. वर गेल्यावर ह्यो पाय कुटं ठिवलाय ते तुमाला कसं कळायचं?"

"बघून."

"आन् बर्फ उडाय लागला की?"

सयाजी उठला आणि लंगडत म्हसरं बघायला गेला.

तिनं कुणाला सांगितलं नाही. अंबूबाईला वाटलं, भाजलंय, चार दिवस घरात राहील तरी. पण तो कसला राहतो. जखम ओली असताना तो अंगणात टाचेवर फेऱ्या मारायचा. सुकायला लागल्यावर त्यानं अंगणात विटा मांडल्या आणि डोळे मिटून विटेवर पाय ठेवायचा सराव सुरू केला. कधी जमायचं. कधी पाय विटेच्या कडेला टेकायचा आणि तो आडवा व्हायचा. शेजारची रंगूबाई अंबूबाईला म्हणाली, "पोरगं खेळतंय काय गं ते? बत्तीस वर्साचं हाय न्हवं?"

फेब्रुवारीच्या शेवटी जखम भरली. हजर व्हायला पंधरा दिवस उरले. सयाजीनं ठरवलं, आता खरी परीक्षा घ्यायची. गुंडाला घेऊन तो मळ्यातल्या विहिरीवर गेला.

"फुटबॉल अडकलाय?" गुंडानं विचारलं.

"न्हाई. उगंच उतरायचंय."

"उगंच विहिरीत उतरणारा दाजी माझ्याच नशिबात हुता." गुंडानं दोर कमरेमागून घेतला, इंजिनाच्या चौथऱ्याला पाय लावला आणि विहिरीत दिसेल असा बसला. "चला, व्हा गडप."

सयाजी वीस फूट उतरला. मग त्यानं डोळे मिटले. डावा पाय सांध्यात होता. उजवा त्यानं खाली सोडला, दगड चाचपला. लागला, असं त्याला वाटलं. त्यानं भार टाकला.

खाली काहीच नव्हतं. तो सात-आठ फूट सरळ गेला, मग दोर आवळला आणि तो भिंतीवर आदळला. वरून गुंडाची शिवी ऐकू आली. मग खरडल्याचा आवाज. मग कण्हणं. दोर मात्र सुटला नाही.

सयाजी वर आला तेव्हा गुंडा विहिरीच्या अगदी काठाला आला होता. चौथऱ्याला घासून गुडघा फुटला होता. दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती. तो हात वाऱ्यावर धरून बसला होता.

"पाय घसरला," सयाजी म्हणाला.

"घसरला न्हाई. मी वाकून बघत हुतो. तुमी पाय ठिवलाच न्हाई, दाजी. वाऱ्यावर हुबं ऱ्हायलासा."

सयाजी त्याच्या हातांकडं बघत राहिला.

"आन् आता हातास्नी काय बघतासा? मला घास भरवायला बया लागंल आठ दिवस. तुमच्या धाकट्या भनीला सांगा, मला करून घे. तसंबी कुणी देत न्हाई पोरगी."

गुऱ्हाळ चालू होतं. दुसऱ्या दिवशी गुंडा दोन्ही हातांना चिंध्या बांधून कामावर आला. चिपाडांचा भारा कोपरांनी कवळून आणत होता. तक्रार केली नाही. फक्त जेवताना बनुबाई त्याला भाकरी कुस्करून देत होती आणि सयाजीकडं बघत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सयाजी सांगलीला निघाला. लिमये सुट्टीवर घरी आले होते. बनुबाईनं गुळाची एक ढेप फडक्यात बांधून दिली. तिथं जाऊन काय सांगणार, असं तिनं विचारलं नाही.  दहिवडीला गाडी बदलली, विट्याला बदलली. पाय बरा आहे, साहेब. पाय बरा नाही, साहेब. तासगावला बेदाण्याच्या शेडांपाशी गाडी थांबली तोवर दोन्ही वाक्यं त्याला सारखीच पाठ झाली होती.

सांगलीच्या गावभागात लिमयांचं घर होतं. लिमये आता कॅप्टन झाले होते. जेवणाच्या टेबलावर त्यांनी थोरल्याचे फोटो पसरले होते. एकेका कड्यावर लाल पेन्सिलीच्या रेघा.

"ये, ये! बघ, तंबूची जागा वर सरकवू. इथं. म्हणजे शेवटच्या दिवशी कमी अंतर पडेल. काय वाटतं?"

सयाजी वाकला. रेघ बरोबर होती. त्याच्या अंगात गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी स्वस्थ झालं.

लिमयांच्या पत्नी उमाताई पोहे घेऊन आल्या. "सयाजीराव, खरं सांगू? मी ह्यांना या खेपेला सोडणार नव्हते. मागच्या वेळी दोन दिवस पत्ता नव्हता. मग विचारलं, दोरावर दुसरं कोण? म्हणाले, सयाजी. म्हटलं, मग जा." बशी ठेवून त्या वळल्या.

सयाजीनं पोह्यांना हात लावला नाही.

"वैनीसाहेब, येक सुई मिळंल का?"

"बटण तुटलं का? द्या इकडे, मी लावून देते."

"बटण न्हाई."

त्यांनी सुई आणून दिली. सयाजीनं उजवा बूट काढला, मोजा काढला. पाय खुर्चीवर ठेवला, सुई लिमयांच्या हातात दिली आणि तोंड भिंतीकडं केलं.

"टोचा, साहेब. टोचली की मी सांगतो."

"हा काय खेळ काढलास?" लिमये हसले. मग हसणं थांबलं.

भिंतीवर कॅलेंडर होतं. मार्च एकोणीसशे पंचाहत्तर. सयाजीनं तारखा वाचल्या. रस्त्यावरून सायकलीची घंटी गेली. त्यानं तारखा उलट्या वाचल्या.

"टोचताय न्हवं, साहेब?"

उत्तर आलं नाही.

"साहेब?"

"टोचली आहे," लिमये म्हणाले.

सयाजीनं वळून पाहिलं. सुई अंगठ्याच्या बुडाशी उभी होती. लिमयांचे दोन्ही हात त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांवर होते. दारात उमाताई होत्या. त्या आत निघून गेल्या.

"इस्पितळात डॉक्टरांनी ही परीक्षा घेतली नाही?"

"घेतली की."

"मग?"

"मी त्यांच्या खांद्याकडं बघायचो. खांदा हलला की म्हणायचो, लागली साहेब."

लिमये उठले. खोलीत दोन फेऱ्या मारल्या. गावच्या लोकांनी तेव्हा पाहिलं असतं तर ते म्हणाले असते, हे दोघं एकाच गावचे.

"म्हणजे ऑक्टोबरपासून! अरे, कड्यावर मी लटकलो असतो तो कशाच्या भरवशावर? एका लाकडाच्या?"

"व्हय, साहेब."

"व्हय काय, व्हय! मला एवढं सांग, आजच का आलास? मेपर्यंत गप्प बसला असतास तर कुणाला कळणार होतं?"

"गुंडाचं हात सोलपटलं, साहेब."

"कोण गुंडा?"

"मेव्हणा."

 लिमये खाली बसले आणि त्यांनीच ती सुई काढली. रक्ताचा एक लहानसा थेंब आला. तो त्यांनी स्वतःच्या रुमालानं पुसला. सयाजी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, साहेब." ते थांबले नाहीत.

"नावं पाठवायची आहेत परवा," रुमाल खिशात ठेवत ते म्हणाले. "तुझ्या जागी कोण?"

हा प्रश्न येणार हे सयाजीला ठाऊक असायला हवं होतं. गाडीत त्यानं सगळं पाठ केलं होतं, एवढंच केलं नव्हतं. त्यानं पाण्याचा पेला उचलला, तसाच ठेवला.

"हंबीरराव," तो म्हणाला. "लान्स नायक. दोर सोडणार न्हाई, मेला तरी. पण घाईत असला की गाठ अर्धी मारतो. गाठ तुमी बघत जावा. आन् तो वर गेल्यावर खात न्हाई. त्याला दटावून गूळ चारा."

लिमयांनी यादी पुढं ओढली. सयाजीचं खोडलं नाही. कागद उलटा करून नवी यादी केली.

दुपारी ते त्याला सोडायला एस.टी. स्टँडवर आले. विट्याची गाडी लागली होती. लिमयांनी खिशातून वही काढली.

"थोरल्याच्या धारेवर पुढं तू होतास. मी तुझ्या मागं, निम्मा वेळ डोळे मिटून. मला काहीच आठवत नाही. सांग सगळं."

गाडी गेली. सयाजी सांगत होता. बाकावर बसून सांगायला त्याला जमेना. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो फिरत होता, हातानं कडे उभे करत होता, आणि कॅप्टन लिमये कुणाच्या तरी कांद्याच्या पोत्यावर बसून लिहून घेत होते. खालच्या तंबूपासून काळ्या खडकापर्यंत बर्फ घट्ट. खडकाला वळसा घालायचा, वरून जायचं नाही. मग चाळीस पावलं निळा बर्फ, तिथं कुऱ्हाडीचा दांडा रुतत नाही, पात्यानं पायऱ्या कोराव्या लागतात. मग एक बसायची जागा, पण बसायचं नाही.

"का?"

"बसलं की उठवत न्हाई. मी बसलोतो."

बाजूला टोपली घेऊन बसलेली एक म्हातारी बराच वेळ ऐकत होती. "बाबा, कुठल्या गावची वाट म्हणायची ही?"

"लय लांबची, आजी."

"यष्टी जाती का?"

"न्हाई."

"मग कुणाला सांगतूयास येवढं?" म्हातारीनं तोंड फिरवलं.

दुसरी गाडीही गेली. तिसरी फलाटाला लागली तेव्हा वहीची सात पानं भरली होती. सयाजी थांबला.

"इथं आपला तंबू हुता, साहेब. सहाशे फूट ऱ्हायलंतं."

"आणि त्याच्या पुढं?"

सयाजीनं हात वर नेला होता, पुढचा चढ दाखवायला. तो हात तसाच राहिला. मग त्यानं खाली घेतला.

"त्याच्या पुढचं मला ठावं न्हाई."

कंडक्टरनं आरोळी दिली. "विटा, विटा! साहेब, येणार का ऱ्हाणार?" सयाजीनं लिमयांना सलाम ठोकला, फलाटावरच्या गर्दीत, कडक. लिमये वहीसकट उठले आणि त्यांनीही ठोकला. गाडी सुटली. स्टँडच्या फाटकाशी ती वळायला लागली तशी सयाजीनं खिडकीतून कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं.

"साहेब! डाव्या अंगानं! तंबूच्या वर डाव्या अंगानं जावा! उजवीकडं बर्फ पोकळ हाय, रातच्याला तंबूतनं आवाज ऐकलाय मी! हंबीररावाला सांगा, पोकळ हाय!"

कंडक्टर त्याला शर्टाला धरून आत ओढत होता. कॅप्टन लिमये धुरळ्यात चार पावलं गाडीमागं पळाले, वही गुडघ्यावर टेकवली, आणि लिहिलं.